साडेसातचा अर्धा तास

जेवणं उरकली ना सगळ्यांची? मग बसा. ताटावर बसून ऐकायची ही गोष्ट नव्हे, घास उतरायचा नाही घशाखाली.

"आजी, भूत आहे का यात?" ऋग्वेदानं विचारलं.

"भूत आहे की नाही ते तू ठरव. माणूस मात्र आहे, आणि शिसारी यावी असा आहे."

"डोन्ट स्केअर अस ला, आजी," अमेय इथल्या पोरांसारखं ‘ला’ लावून म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढून बसला.

नेमकी तीच खुर्ची. निशिकांत त्या रात्री याच खुर्चीत बसला होता. तुमच्या बाबांच्या ओळखीतला, पुण्याचा, तेहतीस वर्षांचा, मोठा हुशार. इथल्याच क्लेमेंटी भागातल्या विद्यापीठात संशोधन करायचा. तुम्ही दोघं तेव्हा झोपला होतात. त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं तसंच सांगते, पदरचं काही घालत नाही.

सप्टेंबरची दोन तारीख, मंगळवार. संध्याकाळी साडेसहाला निशिकांत पेज आणायला खाली उतरला. रोजचंच काम होतं ते. क्लेमेंटीत लिम अंकल म्हणून एक्क्याऐंशी वर्षांचे म्हातारे होते, त्यांच्या फ्लॅटमधे हा खोली घेऊन राहायचा. त्यांची मुलगी ग्रेस शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेडोकला राहायची, रविवारी यायची. खोली देताना तिनं एकच अट घातली होती: संध्याकाळी पपांना खालच्या हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांमधून, पेज आणून द्यायची आणि हाकेच्या अंतरावर राहायचं.

पेज माशाची. निशिकांत शाकाहारी. पिशवी अशी धरायचा, दोन बोटांच्या चिमटीत, अंगापासून हातभर लांब. वर आला की अंकलच्या पुढ्यात ठेवायचा आणि बेसिनवर जाऊन हात धुवायचा. एकदा नाही, तीनदा.

त्याला अंकलची किळस यायची. त्यांची कवळी पेल्यात पडलेली असायची. माइलो पावडरीचा रिकामा डबा उशाशी असायचा, त्यात ते खाकरून थुंकायचे. पेज खाताना हनुवटीवरून ओघळायची, वाळायची, तिचे पोपडे व्हायचे. "आजी, तुम्ही पाहिलं असतंत तर जेवला नसतात," असं मलाच सांगत होता. मी म्हटलं, बाबा रे, मी तीन म्हाताऱ्या माणसांची आजारपणं काढलीत या हातांनी, तू तुझं सांग.

मग एवढी किळस होती तर राहिला कशाला तिथं? खोक्यांसाठी.

अंकलच्या फ्लॅटमधे पलंगाखाली, कपाटावर, खिडकीच्या कट्ट्यावर, जिकडं तिकडं खोकी होती. तरुणपणी हा माणूस शिकायला अमेरिकेत गेला आणि एका लहान गावातल्या टीव्ही-स्टेशनवर नोकरीला लागला. त्याकाळी तिकडं असं होतं म्हणे, गावोगावी लहान लहान स्टेशनं, आणि प्रत्येक स्टेशन न्यूयॉर्कच्या एखाद्या बड्या नेटवर्कला बांधलेलं. रात्री आठ ते अकरा नेटवर्क जे पाठवील ते मुकाट्यानं दाखवायचं. बातम्याही त्यांच्याच. पण साडेसात ते आठ हा अर्धा तास स्टेशनचा स्वतःचा. तो गावानं आपला आपण भरायचा. कधी शाळेचा बँड वाजायचा, कधी कुणी बाई केक भाजून दाखवायची, कधी हरवलेली कुत्री आणून कॅमेऱ्यापुढं उभी करायचे आणि धनी ओळखून न्यायला यायचे.

या सगळ्याचं वेळापत्रक लिम अंकल टाइप करायचे. अठरा वर्षं. कागदावर दोन रकाने. एक ‘ठरलं’, एक ‘झालं’. ठरलेलं दुपारी टाइप करून ठेवायचं. झालेलं रात्री, जसं होईल तसं, मिनिटाबरहुकूम पेन्सिलीनं दाबून लिहायचं. खाली निळा कार्बन, तीन प्रती. पहिली न्यूयॉर्कला, दुसरी स्टेशनवर, तिसरी फायलीत. फायली टाकून द्यायची वेळ आली तेव्हा या माणसानं त्या जिवासारख्या उचलल्या आणि समुद्रापलीकडं घेऊन आला.

आता निशिकांतचं संशोधन नेमकं त्याच अर्ध्या तासावर. नेटवर्कनं काय दाखवलं ते जगाला माहीत आहे. साडेसातला लहान गावांनी काय दाखवलं त्याचे कागद कुणी ठेवलेच नव्हते. आणि ज्या घरात हा खोली बघायला आला, तिथं ते पलंगाखाली! सहा हजार कागद!

मग काय विचारता. सुरुवातीचे सहा महिने हा रोज साडेसातला अंकलजवळ खुर्ची टाकून बसायचा. फोनवर रेकॉर्डिंग लावायचा. अंकल वाट बघत असायचे. साडेसातला दोन मिनिटं कमी असली की हाक यायची: "सेव्हन-थर्टी, निशी! आपला टाइम!" मग ते सांगायचे आणि हा हसायचा, मान डोलवायचा, "मग पुढं काय झालं अंकल?" म्हणून विचारायचा.

सहा महिन्यांत सगळं सांगून झालं. कागद स्कॅन करायचे तेवढे उरले. म्हातारा कशाला लागतो स्कॅनिंगला? याची खुर्ची उठली ती पुन्हा आली नाही.

अंकलना मात्र सवय. त्यांचा जुना टाइपरायटर होता, त्याच्यावर ते अजून रोज दुपारी वेळापत्रक करायचे, आपल्या घराचं. सहाला आंघोळ. साडेसहाला पेज. सातला बातम्या. साडेसातला, निशी. ठरलेल्या रकान्यात रोज ‘निशी’ टाइप केलेलं, आणि शेजारी पेन्सिलीनं रोज लिहिलेलं, ‘नाही’.

हे कागद निशिकांतनं बघितले होते. त्याला हसू आलं होतं. तसं तोच म्हणाला.

तर त्या मंगळवारी पेज ठेवली, हात धुतले, आणि हा खोलीत जाऊन दार लावून बसला. त्याचा नोकरीचा करार महिनाअखेर संपत होता. बारा तारखेला, शुक्रवारी, सगळा संग्रह आणि कागद वापरायची सही केलेली परवानगी बॉसपुढं ठेवली तर करार वाढणार. करार वाढला तर इथं राहायचा पास टिकणार. ऋतानं, त्याच्या बायकोनं, पुण्यातली नोकरी सोडून ऑक्टोबरचं तिकीटही काढलं होतं.

साडेसात वाजले. हाक आली.

"निशी..."

यानं कागद स्कॅनिंगच्या मशीनवर पालथा घातला.

"निशी... निशी, आह..."

"रोजच्यासारखी हाक होती का रे?" मी विचारलं. म्हणाला, "नाही आजी. रोज ते सेव्हन-थर्टी म्हणायचे. त्या दिवशी नुसतं नाव." त्याला वाटलं, बाथरूमपर्यंत धरून न्यायचं असेल. ओलं झालं असेल. हात लावावा लागेल.

यानं कानात इअरफोन घातले.

तिसरी हाक त्यानं ऐकली नाही. म्हणजे, होती का तेच त्याला ठाऊक नाही.

सकाळी सहाला दार उघडलं तर अंकल पॅसेजमधे पालथे पडलेले. याच्या दारापासून तीन पावलांवर. एक हात दाराकडं. तोंडातून पेज उलटलेली, ती लादीवर वाळून पांढरी झालेली, आणि मुंग्यांची एक रांग भिंतीकडून आली होती ती सरळ... जाऊ दे. त्याला ओकारी आली, तो बेसिनवर धावला. ओकला. आणि तोंड पुसून यानं पहिलं काम काय केलं असेल? डॉक्टर? ग्रेस? छे. अंगावरून पाय टाकून, मुंग्या चुकवत, हा अंकलच्या टेबलाशी गेला. कारण त्याला आठवलं की म्हातारा सगळं लिहून ठेवतो.

लिहिलं होतंच. ठरलेल्या रकान्यात, साडेसात, निशी. शेजारी पेन्सिलीनं, वेडंवाकडं: बोलावलं. दाराखाली उजेड.

कागद घडी करून खिशात घातला. मग फोन केला.

ग्रेस आली, रडली. मग डोळे पुसून विचारलं, "त्यांनी हाक मारली होती का?"

"मी विद्यापीठात होतो," हा म्हणाला. "अकराला आलो, त्यांचं दार बंद होतं. वाटलं झोपलेत. पहाटे उठले असतील."

पहाटेच्या अंधारात उठले असते तर पॅसेजमधला दिवा लावल्याशिवाय चालता आलं नसतं, तो लावलेला होता का एवढंही ग्रेसनं विचारलं नाही बिचारीनं. उलट याचाच हात हातात घेतला. "तू घरात असतास तर ते तुलाच हाक मारणार, आय नो ला. पपांना तुझं फार कौतुक." आणि म्हणाली, "ती खोकी तुझ्याकडंच राहू दे. सही मी पुढच्या शुक्रवारी करून देते, ते सगळं आटोपलं की."

हात सुटल्यावर यानं काय केलं? बेसिनवर जाऊन धुतला.

खाली इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर मांडव घालून त्यांचे विधी झाले. ग्रेस टाइपरायटर बेडोकला घेऊन गेली, आठवण म्हणून. महिनाअखेरपर्यंत राहा म्हणाली. हा राहिला, त्या घरात, एकटा. फिनेलनं पॅसेज चारचारदा पुसला.

खिशातला कागद मात्र होताच. फाडावा तर तुकडे उरतात. इमारतीच्या कचरा खाली सोडायच्या नळात टाकावा तर कुठं अडकला म्हणजे? मग रविवारी, सात तारखेला, रात्री नऊच्या सुमाराला खाली पाहिलं तर लोक लोखंडी पिंपात कागद जाळत होते. चिन्यांचा तो सातवा महिना, पितरांचा. आपण नाही का बघतो, संत्री मांडतात, उदबत्त्या लावतात. निशिकांतनं विचार केला, आयता जाळ आहे. खाली गेला आणि चिमटीत धरून कागद पिंपात सोडला.

तिथं एक आँटी उभी होती, समोरच्याच दारातली. तिनं विचारलं, "हू फॉर?" कुणासाठी?

"कुणासाठी नाही. रद्दी आहे."

आँटीचा चेहरा बदलला. "दिस नॉट डस्टबिन, ला! यात टाकलं की त्यांना पोचतं. कुणासाठी ते नाव घेऊन टाकतात. नाव नाही घेतलं तर... ज्याचं आहे त्याला."

हा हसला. वर आला. हात धुतले.

आपल्याकडं कागद जाळला म्हणजे संपला. तिथं जाळला म्हणजे पाठवला. इतकी वर्षं या देशात राहून याला एवढं माहीत नव्हतं, आणि याला म्हणे संशोधक.

दुसरा दिवस सोमवार. आठ तारीख. सात वाजता हा खोलीत, दार लावून. उरलेले दोनशे कागद मशीनवर. सात वीसला वास आला.

माशाच्या पेजेचा.

खिडकीतून येत असेल, त्याला वाटलं. खिडकी लावली. वास वाढला. गरम पेजेचा नव्हे. शिळ्या. आंबलेल्या. लादीवर रात्रभर पडलेल्या.

मग आवाज.

टक. टक टक. टक.

टाइपरायटर बेडोकला. हे त्याला पक्कं ठाऊक. स्वतः लिफ्टपर्यंत उचलून दिला होता.

टक टक. आणि ओळ संपली की घंटी वाजते ना, ती. टिंग.

इअरफोन घातले. आवाज इअरफोनमधे आला.

काढले.

आवाज थांबला होता. घरात काही नाही. फ्रिजसुद्धा बंद पडल्यासारखा. घड्याळात साडेसात.

टेबलावर फोन थरथरला. ग्रेस.

यानं फोनकडं नुसतं बघितलं. सही शुक्रवारी. आज काय विचारेल? काय कळलं असेल हिला? फोन टेबलावर सरकत राहिला... सरकत राहिला... आणि त्याच वेळी, दाराबाहेरून,

"निशी..."

उचलला नाही. फोनही नाही, दारही नाही.

"निशी..."

आवाज खालून येत होता. उभ्या माणसाचा नव्हे. लादीला तोंड लावून कुणी बोलावं तसा. ओला. तोंडात काहीतरी असल्यासारखा.

पॅसेजमधे अंधार होता. याच्या खोलीत दिवा. त्याचा उजेड दाराखालच्या फटीतून बाहेर जात असणार, हे त्याच्या ध्यानात आलं. फटीशी काहीतरी होतं. हलत नव्हतं. बघत होतं.

अरे, दार उघडायचं! फोन उचलायचा! दोघंही एकच तर विचारत होते, आहेस का म्हणून.

यानं हात लांब केला आणि दिवा बंद केला.

आठ वाजेपर्यंत अंधारात बसला. तोंडात शर्ट कोंबून. आठला फ्रिज पुन्हा सुरू झाला. वास गेला. यानं मोबाइलचा उजेड धरून दार उघडलं. पॅसेज रिकामा. फिनेल पुसलेल्या लादीवर मुंग्यांची रांग, भिंतीपासून याच्या उंबऱ्यापर्यंत. आणि उंबऱ्यावर एक कागद.

तो घेऊन हा दहाला इथं आला. घामानं निथळत. तुमच्या बाबांनी बसवलं, तुमच्या आईनं चहा दिला. चहावर साय धरली तरी पेल्याला हात लावला नाही. सगळं सांगितलं. आमच्यापुढं. जिला सांगायचं ती सोडून.

तुमची आई भडकली. "निशिकांत, आत्ता फोन लाव ग्रेसला. माझ्यासमोर."

"वहिनी, शुक्रवारनंतर लावतो. नक्की."

"शुक्रवारनंतर?"

"सही झाली की. ऋताचं तिकीट झालंय हो."

"अरे, ती वडिलांसाठी विचारतेय!"

"आता सांगून ते परत येणारेत का?" असं म्हणाला. आणि वर म्हणतो, "मला फक्त एक सांगा, हा कागद ठेवून घ्याल? माझ्या खोलीत नको. हात लावायला कसंतरी होतं."

श्रीनिवासनं, तुमच्या बाबांनी, खुर्ची मागं सारली आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी कधी या पोराला असा पाहिला नव्हता. पाहुण्याकडं पाठ करून.

"तो फोन कशाला केला होता तिनं?" तुमच्या आईनं विचारलं.

यानं मोबाइल पुढं केला. ग्रेसनं मागाहून निरोप धाडला होता. पपांसाठी तू इतकं केलंस, नीट आभारही मानले नाहीत, म्हणून फोन केला, बस. यानं त्यालाही उत्तर दिलं नव्हतं.

कागद टेबलावर होता. मला इंग्रजी वाचता येत नाही. मी तुमच्या आईला म्हटलं, अरुणा, काय लिहिलंय ते मराठीत सांग मला, एक एक ओळ.

तिनं वाचलं. वर तारीख आहे. आठ सप्टेंबर.

"आजची?"

"आजची."

सहा, निशीनं हात धुतले. साडेसहा, निशीनं हात धुतले. सात, निशीनं हात धुतले.

मी निशिकांतच्या हातांकडं पाहिलं. लाल झाले होते, बोटांची सालं निघालेली.

साडेसात. ठरलं: निशी. झालं: बोलावलं. दाराखाली उजेड.

तुमची आई थांबली.

"पुढं?"

"सात बत्तीस," ती म्हणाली. "उजेड मालवला."

निशिकांत खाली बघत होता.

मी त्या ओळीवर बोट फिरवलं. पेन्सिलीचं अक्षर, म्हणजे बोट काळं व्हायला हवं. निळं झालं. टाइप केलेलं निळं, हातानं लिहिलेलंही निळंच. कार्बनचं.

शुक्रवारी ग्रेसनं सही दिली. ऑक्टोबरात ऋता आली. निशिकांत आता दुसरीकडं राहतो. इथं मी त्याला पाऊल टाकू दिलेलं नाही.

कागद त्यानं नेला नाही. तो बघा, त्या खालच्या खणात, झिपवाल्या पिशवीत आहे. फिक्का आहे फार, शेवटची प्रत जशी फिक्की येते तसा.

वरच्या दोन प्रती अजून कुणाला दिसलेल्या नाहीत.